तंबू पाहिलात, तबेला पाहिलात का?

महोदय,

परीक्षा संपत आल्या की निवासी घोडेस्वारी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पालक जेवण, तंबू, बाथरूम यांची चौकशी खोदून खोदून करतात. घोड्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

मुक्कामी शिबिराचा खरा फायदा पहाटेचा. मुलं साडेपाचला पागेत हजर होतात, खरारा करतात, खुरातली माती काढतात आणि ऊन चढायच्या आत स्वारी उरकते. मे महिन्याच्या वेळापत्रकात दुपारी अकराची बॅच दिसली, तर ते शिबिर घोड्यांसाठी आणि मुलांसाठीही वाईट समजावं.

टाळता येण्यासारखे बरेच अपघात सैल तंगामुळे, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्यामुळे होतात. तंग आवळताना कित्येक घोडे पोट फुगवतात. पाच-दहा मिनिटं चालले की तोच तंग ढिला पडतो आणि मूल रिकिबीत पाय टाकून चढू लागलं की खोगीर सरळ पोटाकडे फिरतं. म्हणून तंग दोनदा पाहायचा: चढण्याआधी आणि पहिल्या फेरीनंतर. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत, मूठ नव्हे. रिकिबीची लांबीही अंदाजाने ठरवू नये. रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकतो तिथे बोटांची टोकं टेकवून हात सरळ केला, की रिकीब काखेत यायला हवी.

बुटांचं तर विचारूच नका! महागडे स्पोर्ट्स शूज बिनटाचेचे असतात, पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडलेलं मूल घोड्यामागे फरपटतं. इंचभर टाच आणि गुळगुळीत तळ असलेला साधा बूट पुरे. सायकलचं हेल्मेट चालत नाही. एकदा जोरात आपटलेलं स्वारीचं हेल्मेटही बाद करायचं, वरून तडा दिसो न दिसो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. अडीचशे किलोच्या तट्टावर आठ किलोचं खोगीर घातलं की मुलासाठी बेचाळीस किलोच उरतात. नववी-दहावीतली बरीच मुलं यात बसत नाहीत. त्यांना मोठा घोडा हवा.

तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी लस झाली आहे ना, हे पाहावं. घोड्यांची ग्लँडर्सची रक्ततपासणी केव्हा झाली, हेही विचारावं. हा रोग माणसालाही होतो.

आणि रात्री नऊची फेरी कोण मारतं? बादल्यांत पाणी आहे का, लीद पडली का, चंदी (दाणा) तशीच उरली आहे का, हे मोतद्दाराबरोबर, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याबरोबर, मुलांनीही पाहावं. मात्र घोड्याच्या मागून जाऊ नये. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटाची तक्रार गंभीर ठरू शकते. तो वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, जमिनीवर लोळू लागला, तर पोटशूळ धरून चालावं. अशा वेळी बोलवायच्या पशुवैद्याचा नंबर तबेल्याच्या दारावर लिहिलेला असावा.

– मुलांना घोडेस्वारी शिकवणारे काही प्रशिक्षक, पुणे