स्निजेट आणि उत्तरायणाचा मांजा

माननीय संपादक महोदय,

हॅरी पॉटरच्या कथांमधील क्विडिच या जादुई खेळाच्या कल्पित इतिहासात १२६९ साली स्निजेट नावाचा इवलासा सोनेरी पक्षी शिकारीसाठी मैदानात सोडला गेला, तेव्हा मॉडेस्टी रॅबनॉट या प्रेक्षक स्त्रीने त्याला वाचवले. पुढे त्याच्या जागी धातूचा उडता चेंडू आला आणि खेळाची रंगत मुळीच उणावली नाही. बडोद्यात दर उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवात, मला ही गोष्ट आठवते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरीही दांडिया बाजारातील आमच्या गच्चीवर यंदा पंख चिरलेली घार येऊन पडली. पतंगप्रेमींनी काच न लावलेला सुती दोराच वापरावा आणि पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वेळी, म्हणजे पहाटे व सायंकाळी, पतंग उतरवून ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, बडोदे