नंदू, मीटिंग सोडून ऊठ

धरमपेठ, नागपूर

प्रिय नंदू,

तुझा परवाचा मेसेज वाचल्यापासून जिवाला चैन नाही. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, ॲसिडिटी असेल, ऑफिसातलं रिलीज झालं की डॉक्टरांना दाखवतो, असं तू लिहिलंस. फोन केला तर "ठेवतो रे, कॉल आहे" म्हणतोस. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच.

मार्च एंडिंगला आमच्या हिंगण्याच्या ऑफिसात जे झालं ते तुला सांगितलेलं नाही. अकाउंट्समधल्या एका भाऊंचा सकाळपासून जबडा दुखत होता, पोटाच्या वर जड वाटत होतं. तर्री-पोहे खाऊन आले होते, त्यामुळे सगळ्यांनी तर्रीलाच दोष दिला आणि ॲसिडिटीची गोळी दिली. एसी चालू असताना त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "क्लोजिंग उरकून जा ना." आणि भाऊ खरंच परत खुर्चीवर जाऊन बसले! मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. दुखणं त्यांनी सोसलं, पण चारचौघांत काम टाकून उठायची लाज त्यांना सोसवेना.

स्टोअरमधल्या एका मुलीनं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलेलं. तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि कोणालाही न विचारता १०८ ला फोन लावला. त्यांना टेकून बसवलं, जिना उतरू दिला नाही, स्वतःच्या गाडीनं तर जाऊच दिलं नाही. ईसीजीत अटॅक निघाला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. भाऊ वाचले, पण हृदयाचा पंप आता पहिल्यासारखा चालत नाही. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. मेलेला स्नायू परत येत नाही. क्लोजिंगसाठी गेलेला वेळ तिथं गेला, नंदू.

तुझं दुखणं वेगळं आहे, पण त्याच वाटेवरचं असू शकतं. चढताना भरतं आणि थांबल्यावर सुटतं, याला डॉक्टर अंजायना म्हणतात. यात बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पट्टी काढून "काही नाही निघालं" असं मला कळवू नकोस. हृदयरोगतज्ज्ञाकडे जा. टूडी इको, स्ट्रेस टेस्ट की अँजिओग्राफी, ते त्यांना ठरवू दे. शुगर आहे हे आधी सांग, कारण डायबिटीस असलेल्याला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. आणि हेच बसल्या जागी झालं, काही मिनिटांत थांबलं नाही, तर ओपीडीची वाट बघायची नाही. थेट १०८. खोकत राहिलं की अटॅक टळतो, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खोटं आहे.

टेन्शन सगळ्यांनाच असतं, हे तुझं पेटंट वाक्य. असतं, पण ते मनातच राहत नाही. ॲड्रिनलिन वाढतं, बीपी चढतं, झोप उडते, सिगारेट वाढते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये मांडलेला हिशेब असा: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना हृदयविकारानं मरण येण्याचा धोका १७ टक्के आणि पक्षाघाताचा ३५ टक्के जास्त. तू रोज बारा तास बसतोस, शनिवारीसुद्धा. तूच बेरीज कर.

अजून एक. तुझ्या मजल्यावर सीपीआर कोणाला येतो, विचारून ठेव. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. शॉक देणारं एईडी यंत्र असेल तर लगेच आणायचं. छाती न दाबता शॉकला उशीर झाला तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आमच्याकडे त्या दिवसानंतर आम्ही काही जणांनी साहेबांच्या मागे लागून ट्रेनिंग ठेवायला लावलं. रिसेप्शनवरच्या मुलीपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे गुडघ्यावर बसून शिकले. एईडीची फाईल अजून अडकली आहे. मी सोडणार नाही.

वहिनींना मी काही बोललो नाही. ते तूच आज सांग. अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घे, रिलीजचं नंतर बघ. तोवर जिना नको, धावपळ नको, सिगारेट तर नकोच. सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या मॅनेजरचा नंबर पाठव, मी बोलतो त्याच्याशी. डॉक्टरांची वेळ ठरली की कळव, मी रात्रीच्या गाडीनं पुण्याला येतो. तू नको म्हणालास तरी येईन.

तुझा,
राजू