हिरव्या पाण्याबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय संज्या,

'हिरव्या पाण्यामुळे बाप होता येत नाही' हे फॉरवर्ड तू मला पाठवलंस आणि खाली फक्त 'खरंय का रे?' एवढंच. शेततळं तुझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळं शेवाळ वाईट नसतं. आमच्या खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) निळं-हिरवं शेवाळ खाऊनच गुलाबी होतात. भानगड काही जातींची, मुख्यतः मायक्रोसिस्टिसची. ती मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवते. सात अमिनो आम्लांचं हे कडं उकळूनही मोडत नाही. त्याचा पहिला घाव यकृतावर. ब्राझीलमधल्या कारुआरूत 1996 मध्ये डायलिसिसच्या पाण्यात ते उतरलं आणि 50 च्या वर रुग्ण दगावले.

आता तुझा प्रश्न. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढतं-उतरतं, त्यावर त्यांचं काम सुरू-बंद होतं. उतरवणारी दोन एन्झाइमं हे विष जाम करतं. वृषणात वाढत्या शुक्रजंतूंना सांभाळणाऱ्या सर्टोली पेशी असतात, आयाच म्हण. त्या एकमेकींना घट्ट चिकटून रक्तातलं नको ते आत येऊ देत नाहीत. विषाने त्यांचा आतला सांगाडा ढासळतो आणि तटबंदी सैल पडते. उंदरांना विष दिल्यावर शुक्रजंतू घटले, मंदावले, वेडेवाकडे निघाले, टेस्टोस्टेरॉनही उतरलं. पण हे उंदरांत आणि काचपात्रातल्या पेशींत. त्यावरून 'बाप होता येत नाही' म्हणणं म्हणजे निव्वळ थापा. पिण्याच्या पाण्यात या विषाची जागतिक आरोग्य संघटनेची कायमच्या वापराची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे अगदी हसण्यावारीही नेऊ नकोस.

तळ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेव आणि रात्रभर हलवू नकोस. सकाळी हिरवा थर वर तरंगला तर संशय घ्यायचा, तळाशी बसला तर बहुधा साधं शेवाळ. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या पिशव्या असतात, म्हणून ती वर येते. तरंगली तर पोरांना पोहू देऊ नकोस, गुरांना दुसरीकडे पाज. आणि घाईने मोरचूद ओतू नकोस! पेशी फुटल्या की आतलं सगळं विष पाण्यात मोकळं होतं. खताचं पाणी तळ्यात येतंय का ते आधी बघ, शेवाळाचं खरं खाद्य तेच.

एक मात्र बोलतो, रागावू नकोस. इतकी वर्षं वहिनींच्याच तपासण्या चालल्यात, तुझी एकही नाही. काय चाललंय हे? वीर्यतपासणी साधी असते. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट वाईट आला तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगतील. तालुक्याच्या गावी तपासायची लाज वाटत असेल तर इकडे ये, मी बरोबर येतो.

बाटलीचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या