शंभराव्या प्रयोगालाही या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुनी नाटकं नव्या संचात येत असल्याबद्दलचा लेख वाचला. मालिकांमधले कोणते चेहरे कुठल्या नाटकात आहेत, याची साद्यंत माहिती त्यात आहे. ही मंडळी एकत्र किती दिवस टिकतील, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला विचाराल तर खरी उत्सुकता त्याचीच हवी.

‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची रांग आठवा. क्षणात पडदा, क्षणात भिंत, पाठ फिरवली की सगळ्यांनी मिळून केलेला काणाडोळा. अशी रांग तालमीत बसवता येते, पण ती एका श्वासावर डोलू लागते ती प्रयोगांमागून प्रयोग खांद्याला खांदा लावून उभं राहिल्यावरच. १९७२ साली आलेलं हे नाटक मूळ संस्थेनं थांबवलं, तेव्हा ही मंडळी पांगली नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे तर पेशानं डॉक्टर! याच संस्थेतून १९७४ मध्ये सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. कीर्तनाच्या अंगानं जाणारं ते नाटक एकमेकांचा सूर न ओळखणाऱ्यांना पेललं असतं, असं मला वाटत नाही.

व्यावसायिक रंगभूमीवर प्रशांत दामले आणि कविता लाड यांची जोडी घ्या. ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८ची, ‘पुढची गोष्ट’ २०१८ची. मुरलेल्या संसाराचा अर्धा इतिहास प्रेक्षक घरूनच घेऊन येतात. एवढं भांडवल कुठल्या निर्मात्याला विकत मिळेल?

आमच्या हौशी संस्थेतलं एक छोटं उदाहरण देतो. नवरा-बायकोच्या एका प्रवेशात माझी सहकलाकार मला चहा देते. बरेच प्रयोग तो कप मुकाट माझ्या हातात येत होता. एका प्रयोगाला तिनं तो टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला आणि पेपर उचलला. मी वाक्य न तोडता उठलो, वळसा घालून कप घेतला, आणि बसताना तिच्या हातातला पेपर काढून घेतला. नाट्यगृहात हशा उसळला. हे ना संहितेत होतं, ना दिग्दर्शकानं बसवलेलं. समोर नवखा नट असता तर तिनं हे धाडस केलंच नसतं. बिचारा ब्लँक गेला असता.

नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालत नाही, म्हणून नट शूटिंगला जातो. त्याला दोष देणार नाही. पण दोन तालमींवर उभी केलेली रिप्लेसमेंट वाक्यं चोख म्हणते, जागा चोख घेते, आणि समोरचा नट मनातल्या मनात तिची काळजी वाहत राहतो. त्याचं स्वतःचं काम तिथेच आक्रसतं. (तिकिटाचे दर तेवढे तेच राहतात!)

आपले समीक्षक शुभारंभानंतर आठवड्याभरात परीक्षण लिहून मोकळे होतात. तेव्हा नट अजून एकमेकांना चाचपत असतात. महिन्यातून एकदा तरी शंभरी गाठलेल्या एखाद्या नाटकाला त्यांना पुन्हा पाठवा, आणि पहिल्या परीक्षणानंतर काय बदललं तेवढंच लिहायला सांगा. संच बदलला असेल तर तेही छापा.

आपला,
एक हौशी नट, नाशिक