वीस किलोच्या अलीकडे आणि पलीकडे : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याखालील गुन्ह्यांत वजन, झडती आणि नमुने यांबाबत लेखी कार्यपद्धती काढण्याबाबत

महोदय,

अंमली पदार्थांच्या बहुतेक फिर्यादींत एक वाक्य छापल्यासारखं सापडतं : ‘स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता विक्री करण्याच्या उद्देशाने बेकायदेशीररीत्या कब्जात बाळगताना मिळून आला.’ खिशात चार ग्रॅम एमडी (मेफेड्रोन) असो की टेम्पोत भरलेला गांजा, वाक्य बदलत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मालाची बाजारातली किंमत येते, मुलगा ‘तस्कर’ होतो आणि कॉलेज त्याला नोटीस काढतं.

गंमत अशी, की १९८५च्या या कायद्यात ‘विक्रीचा उद्देश’ असा वेगळा गुन्हाच नाही. बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं हे सगळं कलम २० किंवा २२ मध्ये एकाच ओळीत बसवलंय आणि शिक्षाही एकच. २००१च्या दुरुस्तीपासून शिक्षा ठरते ती वजनावर. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर अल्प मात्रा, जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा, किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय किमान एक लाखाचा दंड. मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत. चरसच्या रेषा १०० ग्रॅम आणि एक किलो, हेरॉइनच्या ५ आणि २५० ग्रॅम, कोकेनच्या २ आणि १०० ग्रॅम. पुण्यात सध्या ज्याची सर्वाधिक चर्चा आहे त्या मेफेड्रोनच्या, म्हणजे एमडीच्या, २ आणि ५० ग्रॅम. एलएसडीची व्यापारी मात्रा तर ०.१ ग्रॅमच्या पुढे सुरू होते.

रेष ओलांडली की नुसती शिक्षा वाढत नाही. व्यापारी मात्रेला कलम ३७ लागतं : आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असं दोन्ही कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांवर जाते आणि सरकारी वकिलांच्या अहवालावर एक वर्षापर्यंत वाढू शकते. मधल्या मात्रेत हीच मुदत ६० दिवस आहे. म्हणजे वीस किलो शंभर ग्रॅम आणि एकोणीस किलो नऊशे ग्रॅम यांत दोनशे ग्रॅमचा नाही, आयुष्यातल्या काही वर्षांचा फरक आहे. असं असताना फिर्यादीत सगळा जोर उद्देशाच्या वाक्यावर आणि वजन मात्र घाईघाईने एका ओळीत.

आम्ही पुण्यात आरोपींच्या बाजूने हे खटले चालवतो. उलटतपासात आम्ही काय विचारतो ते खाली उघड लिहितो आहोत. यातली बहुतेक भोकं एका परिपत्रकाने बुजतील. ती बुजली तर खरा विक्रेता सुटणार नाही आणि वापरणारा पोरगा विक्रेता म्हणून आत जाणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पंचनाम्यावर अवलंबून आहेत.

पहिला प्रश्न काट्याचा. वजन करायला पथकासोबत इलेक्ट्रॉनिक काटा असतो, कधी जवळच्या दुकानातून आणलेला. त्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का होता का? काटा किती ग्रॅमच्या टप्प्यांत वजन दाखवतो? पाच ग्रॅमच्या टप्प्यांत दाखवणाऱ्या काट्यावर दोन ग्रॅमची रेष कशी ठरणार? एमडीला आणि एलएसडीला सराफाकडचा बारीक काटा लागतो, गांजाच्या पोत्याला वेगळा. पंचनाम्यात मात्र ‘इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर वजन केले असता’ एवढंच. काट्याचा क्रमांक, पडताळणीची तारीख आणि वजन दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो, एवढ्या तीन गोष्टी आल्या तर आमचा हा प्रश्न संपतो.

दुसरा प्रश्न, काट्यावर नक्की काय ठेवलं? कायद्यातली गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याची किंवा फळधारणेच्या शेंड्यांची आहे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्यातून वगळली आहेत. पोत्यातून निघतो तो पानं, काड्या, बिया आणि शेंडे यांचा ओलसर गठ्ठा, वर खाकी चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक. वजन होतं पोत्यासकट. मग २१ किलो लिहिलेला माल कोर्टात येईपर्यंत वाळून १९ वर येतो. बचाव पक्ष म्हणतो माल बदलला, सरकार पक्ष म्हणतो वाळला, आणि खरं काय ते ठरवायला कागदावर काहीच नसतं. पोत्यासकट वजन, रिकाम्या पोत्याचं वजन, निव्वळ वजन आणि माल ओला की सुका, अशा चार नोंदी पुरेत. व्यापारी रेषेच्या आसपासच्या प्रकरणात शेंडे आणि बाकीचा पाला वेगळा करून तोलायला हवा.

पावडरचं गणित उलटं आहे. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ठरवलं, की मिसळलेल्या भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. म्हणजे ६० ग्रॅम पुडीत निम्मी भेसळ असली तरी ती व्यापारी मात्रा. आम्हाला हा निकाल कठोर वाटतो, पण कायदा आज तो आहे. अशा वेळी निदान पुड्या तरी नीट मोजल्या जाव्यात. दहा पुड्या एका ताटलीत ओतून मग एक नमुना काढला, तर दहाही पुड्यांत एमडी होतं हे कळण्याचा मार्गच बंद होतो. प्रत्येक पुडी जागेवरच्या रंगचाचणीच्या किटवर वेगळी तपासावी, वेगळी तोलावी आणि तिला क्रमांक द्यावा. किटचा रंग हा इशारा आहे, पुरावा नव्हे, हेही पथकाला ठाऊक हवं. गोव्यातल्या एका खटल्यात चरसच्या दोन तुकड्यांपैकी एकच तपासणीला गेला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा तुकडा सिद्ध झाला नाही असं धरलं आणि शिक्षा सेवनाच्या कलमाखाली आणली.

पुड्यांची संख्या नोंदवण्याला आणखी एक अर्थ आहे. विक्रीचा खरा पुरावा असतो तो इथेच. अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या सारख्या वजनाच्या झिपलॉक पिशव्या, रिकाम्या पिशव्यांचं पाकीट, छोटा काटा, सुट्या नोटा, मोबाइलवर वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या ठरावीक रकमा. हे असेल तर ‘विक्रीच्या उद्देशाने’ या वाक्याला आधार आहे. नसेल तर ते वाक्य लिहू नये. मोबाइलमधले चॅट दाखवायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. ते नसलेली छापील चित्रं दोषारोपपत्राला जाडी देतात, वजन देत नाहीत.

झडतीबद्दल थोडक्यात. अंगझडती असेल तर कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा त्याला हक्क आहे, हे आरोपीला सांगावं लागतं. विजयसिंह जडेजा प्रकरणात २०१० मध्ये घटनापीठाने हे बंधनकारक ठरवलं. तरी मराठीत टाइप केलेला छापील कागद, त्यात ‘मला त्याची गरज नाही’ हे उत्तरही आधीच टाइप केलेलं आणि खाली ओडिशाहून आलेल्या, मराठीचं एक अक्षर न वाचणाऱ्या माणसाची सही, असं चालतंच. दोघांना मिळून एकच नोटीस देणं किंवा ‘आम्हीच झडती घेतो, चालेल का?’ असा तिसरा पर्याय पुढे करणं, हे २०१४ च्या परमानंद प्रकरणात नाकारलं गेलंय. हातातल्या बॅगेला मात्र कलम ५० लागत नाही. हा मुद्दा आमच्या बाजूचेही काही जण उगाच ताणतात.

१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. मोबाइल पथकाकडे असतोच. चित्रीकरण सुरू व्हायला हवं ते पुडी खिशातून निघण्याआधी, टेबलावर मांडल्यानंतर नव्हे. त्याच त्या पंचांची नावं वेगवेगळ्या पंचनाम्यांत दिसण्यावरही हाच उपाय आहे. पंच फितूर झाला तरी चित्रफीत फितूर होत नाही.

नमुन्यांच्या बाबतीत एनडीपीएसचे २०२२ चे नियम स्पष्ट आहेत. नमुने जागेवर काढायचे नाहीत. कलम ५२-अ खाली अर्ज करून दंडाधिकाऱ्यांसमोर, दोन प्रतींत, प्रत्येकी ५ ग्रॅम, आणि गांजा, चरस किंवा अफू असेल तर २४ ग्रॅम. प्रयोगशाळेने अहवाल नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यायचा. प्रमाणाची (मालात अंमली पदार्थ किती, याची) तपासणी राहिली तर त्यासाठी आणखी १५ दिवस. ५२-अ चुकलं म्हणजे आपोआप सुटका, असं आता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ च्या निकालांनी तो दरवाजा बराचसा बंद केलाय. पण साखळी तुटली की संशयाचा फायदा आजही मिळतो : लाखेची मोहर कोणाची होती, कारवाईनंतर ती कोणाच्या ताब्यात राहिली, मुद्देमाल नोंदवहीत माल किती वाजता आला, नमुने नेणाऱ्या शिपायाचा जबाब कुठे आहे. अहवाल महिनोन्‌महिने न येणं मात्र कोणाच्याच फायद्याचं नाही. तोवर एमडी म्हणून आत असलेल्याची पावडर खरोखर एमडी आहे का, हे कोर्टालाही माहीत नसतं. प्रयोगशाळांत मनुष्यबळ वाढवणं हे आपल्या हातात आहे.

सहआरोपीच्या जबाबावरून होणाऱ्या अटका हा वेगळा विषय. ‘माल याच्याकडून घेतला’ असं कोठडीत कोणी म्हटलं आणि दुसऱ्याकडे काहीच सापडलं नाही, तर ते वाक्य पुरावा होत नाही. केंद्रीय यंत्रणांनी कलम ६७ खाली घेतलेल्या कबुल्याही तोफान सिंग निकालाने ऑक्टोबर २०२० मध्ये बाद केल्या. बँकेचे व्यवहार, कॉलचे तपशील आणि मनोऱ्यांची ठिकाणं जुळवल्याशिवाय अशी अटक करू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यातून जप्त झालेलं शेकडो किलो एमडी आणि शिवाजीनगरच्या वसतिगृहातल्या मुलाकडचं दीड ग्रॅम, यांना एकच कार्यपद्धती लावून चालणार नाही. अल्प मात्रेची शिक्षा एका वर्षाची. तिथे अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देता येते. कलम ३९ खाली कोर्ट व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं आणि उपचार स्वतःहून घेणाऱ्याला कलम ६४-अ संरक्षण देतं. येरवड्यात कारागृह आहे, तसं १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. पण आरोपीला हे सांगायचं कोणी? कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, हे अटकेच्या लेखी कारणांसोबतच त्याला समजणाऱ्या भाषेत दिलं जावं.

जुलै २०२५ मध्ये विधानसभेने मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, दुरुस्ती करून अंमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. कायदा कितीही कडक केला तरी त्याच्या तळाशी तोच पंचनामा आणि तोच काटा राहणार आहे. म्हणून आमची मागणी दुरुस्तीची नाही, दोन पानी परिपत्रकाची आहे. सोबत प्रत्येक पोलीस ठाण्याला एक पडताळलेला बारीक काटा, एक मोठा काटा आणि हिंदी, ओडिया, बंगाली व इंग्रजीतले कलम ५० चे नमुने द्यावेत, ज्यांत उत्तराची जागा कोरी असेल.

आपले,
पुणे जिल्हा न्यायालयात एनडीपीएस खटल्यांत बचावाचे काम करणारे काही वकील
शिवाजीनगर, पुणे