चित्रं तूच काढ

प्रिय मीनल,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज हातातली कामं बाजूला सारून लिहायला बसले. मुलांसाठी विज्ञान-इतिहासाची सचित्र पुस्तकमाला निघते आहे, पहिल्या दोन पुस्तकांची चित्रं तुला विचारली आहेत, आणि तू मला विचारतेस, घेऊ का हे काम? घे, नक्की घे. फक्त होकार कळवण्याआधी एक गोष्ट ठरवून घे. मजकूर लिहून झाला, पानं लागली, आणि मग ‘इथे थोडी जागा उरली आहे, काहीतरी छानसं टाका’ असं ते सांगणार असतील, तर नाही म्हण. लेखक लिहायला बसेल तेव्हापासून तू त्याच्या बरोबर असायला हवीस.

तू लिहितेस, ‘माहिती शेवटी मजकुरातच असते, माझं काम पान सजवायचं.’ हे मला मुळीच मान्य नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल मजकूर मागाहून वाचतं, कधीकधी वाचतही नाही. चित्राकडे मात्र ते किती वेळ बघत बसतं! त्याला जे दिसलं, तेच त्याच्यासाठी खरं. मजकुरातली चूक पुढच्या आवृत्तीत एक ओळ बदलून दुरुस्त करता येते. चित्रातली चूक मुलाच्या डोक्यात बसते आणि त्याच्याबरोबर मोठी होते.

मध्यंतरी माझी भाची शरीराबद्दलचं एक पुस्तक घेऊन बसली होती. नेहमीचंच चित्र, हृदयापासून निघणाऱ्या नळ्या लाल आणि परत येणाऱ्या निळ्या. बराच वेळ बघून तिने आपलं मनगट उलटं केलं, आतल्या शिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मावशी, हे निळं रक्त आहे ना? मग खरचटलं की लालच कसं येतं?” किती रास्त प्रश्न! अशुद्ध रक्तही लालच असतं, फक्त जरा गडद. शिरा निळसर दिसतात त्या कातडीतून प्रकाश ज्या रीतीने परततो त्यामुळे. पण तिच्या मनगटानेच चित्राची साक्ष दिली होती, मग तिने शंका का घ्यावी? ते पुस्तक तसं चांगलं होतं. ‘रंग फक्त ओळखण्यासाठी’ एवढी एक ओळ चित्राच्या कोपऱ्यात असती तरी पुरली असती. ती ओळ घालायचं लेखकाला सुचत नाही, कारण त्याला ते माहीतच असतं. ते सुचायचं चित्रकाराला.

चुकीचं चित्र किती टिकतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं उदाहरण जर्मन चित्रकार ड्यूररच्या गेंड्याचं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या मे महिन्यात जहाजातून लिस्बनला उतरला. कित्येक शतकांत युरोपात कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती त्याचं वर्णन आणि एक रेखाटन पडलं, आणि प्रत्यक्ष प्राणी न बघताच त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. ते कधी निवांत बघ. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या, कडेने जणू खिळे ठोकलेले, पायांवर खवले, आणि खांद्यापाशी एक चिमुकलं, पिळदार जादा शिंग. चित्र इतकं जोरकस की पुढची दोनशेहून अधिक वर्षं प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्याच नकला निघत राहिल्या, त्या जादा शिंगासकट. १७४१ मध्ये क्लारा नावाची गेंड्याची मादी युरोपात आली, गावोगाव फिरवली गेली, लोकांनी तिला डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे ते चिलखत उतरायला लागलं.

मी ड्यूररला दोष देत नाही. पण आज नेटवर एका चित्रावरून दुसरं उतरवणं त्या काळाहून कितीतरी सोपं झालं आहे. म्हणून संदर्भाला चित्र घेतलंस, तर ते मूळ कुणी, काय बघून काढलं, एवढं शोधल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस.

आता तुझ्या ग्रहांच्या पुस्तकाकडे येते, कारण इथे मला एक पान डोळ्यांसमोर दिसतंय. सगळ्या पुस्तकांत चंद्र पृथ्वीच्या अगदी कुशीत काढलेला असतो. प्रत्यक्षात दोघांमधलं सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. तू पृथ्वी एक सेंटिमीटरची काढ. चंद्र तीन मिलिमीटरहून थोडा लहान होईल आणि बरोबर तीस सेंटिमीटरवर येईल. समोरासमोरच्या दोन पानांवर हे मावतं, मीनल! डाव्या पानाच्या टोकाला पृथ्वी, उजव्या पानाच्या टोकाला चंद्र, मध्ये नुसता काळा रंग. प्रकाशालाही तेवढं अंतर कापायला सव्वा सेकंदाच्या वर लागतं, हे खाली बारीक अक्षरात. संपादक म्हणतील, एवढी जागा रिकामी कशी सोडायची, काही उल्का टाका, एखादं यान टाका. ऐकू नकोस. त्या पानाचा विषयच ती रिकामी जागा आहे.

सूर्यमालेचं मात्र हे जमणार नाही. त्याच मापाने सूर्य एक मीटरहून मोठा होतो आणि सव्वाशे मीटरच्या आत-बाहेर जाऊन बसतो, नेपच्यून तर साडेतीन किलोमीटरवर. तिथे सगळे ग्रह एका ओळीत काढावेच लागतील. काढ, पण आकार प्रमाणात आहेत की अंतरं, की दोन्ही नाहीत, हे चित्रातच लिही. मुलांना ते कळतं. मोठ्यांना वाटतं की अशा टिपेने चित्राची मजा जाते. मी तर मुलांना अशी टीप वाचून फूटपट्टी आणायला धावताना पाहिलं आहे.

इतिहासाच्या पुस्तकात प्रश्न आणखी नाजूक आहे, आणि मला वाटतं तुझी खरी कसोटी तिथेच आहे. लिहिणाऱ्याला पळवाट असते. ‘घरांना बहुधा वरचा मजला असावा’ असं तो लिहून मोकळा होतो. तुला ‘बहुधा’ काढता येत नाही. मजला काढला की तो असतो, नाही काढला की नसतो. शिंगांच्या शिरस्त्राणाचंच घे. व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी, म्हटलं की जगभरची मुलं शिंगं काढतात. ती शिंगं रुळली प्रामुख्याने १८७६ च्या एका जर्मन ऑपेराच्या पोशाखांमुळे. नॉर्वेत १९४३ मध्ये व्हायकिंगांचं खरं शिरस्त्राण सापडलं, त्याला शिंगं नाहीत. तरी ती पुस्तकांतून अजून गेलेली नाहीत.

मोहेंजोदारोचं प्रकरण तू करणार आहेस म्हणून सांगते. तिथलं किती तरी आपण खात्रीने काढू शकतो: लांबी-रुंदी-जाडीचं प्रमाण ठरलेल्या भाजलेल्या विटा, रस्त्याकडेची झाकलेली गटारं, विहिरी, ते मोठं स्नानकुंड. आणि किती तरी आपल्याला कळलेलं नाही. लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पुरातत्त्वाच्या आराखड्यांत सापडलेली भिंत सलग रेघेने आणि अंदाजाने पुरी केलेली तुटक रेघेने दाखवतात. तू हेच रंगात कर. जे सापडलं ते भरगच्च रंगात, जे कल्पनेने उभारलं ते फिक्या रेघेत. खालच्या भिंती विटांच्या तांबूस रंगात ठसठशीत आणि वरचा मजला नुसता पेन्सिलीचा, असा रस्ता मला तरी कुठल्या मुलांच्या पुस्तकात दिसला नाही, आणि तू तो फार सुंदर काढशील. मूल विचारेल, हा वरचा भाग असा का? तिथून इतिहास म्हणजे काय याचं बोलणं सुरू होतं.

आणखी एक. मोहेंजोदारोचा तो दाढीवाला दगडी पुतळा सगळीकडे पानभर छापतात, म्हणून तो माणसाएवढा वाटतो. तो जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या शेजारी मुलाचा पंजा काढ, बास. आणि त्या रस्त्यावर मुलं हवीतच. त्यांच्या मातीच्या खेळगाड्या उत्खननात सापडल्या आहेत, तेव्हा गाडी ओढणारं पोर हा अगदी पुराव्यातला माणूस आहे. इतिहासाच्या चित्रांत राजे आणि लढाया इतक्या झाल्या की वीट पाडणारे हात कुणी काढतच नाही.

तू म्हणालीस की आपण शास्त्रज्ञ नाही, याची भीती वाटते. मारिया सिबिला मेरियन आठवते? तिची ओळख चित्रकार म्हणूनच होती. किडे चिखलातून आपोआप उपजतात असं मानणारे लोक तेव्हा भरपूर होते. तिने सुरवंट घरी पाळले आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असा सगळा प्रवास, ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर, एका चौकटीत काढला. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली आणि तिथल्या किड्यांचं पुस्तक १७०५ मध्ये काढलं. त्या एका चौकटीत जी समज आहे ती पानभर मजकुरात मावली नसती. काय एकत्र दाखवायचं, काय गाळायचं, कशाला मोठं करायचं, हे ठरवणं म्हणजेच अभ्यास, आणि ते तुला येतं.

एक जुनी युक्तीही उचल. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं, त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. मूल चित्रातून शब्दात आणि शब्दातून चित्रात ये-जा करत राहतं. बाणांच्या जंजाळापेक्षा हे मला आजही स्वच्छ वाटतं, विशेषतः वस्तू कापून आतलं दाखवणाऱ्या छेदचित्रांत.

तेव्हा प्रकाशकांना लिही: मजकुराचा पहिला खर्डा मला हवा, विषयाच्या जाणकाराशी थेट बोलायची मुभा हवी, आणि चित्राखालच्या ओळी मी आणि लेखक मिळून लिहू. कच्ची रेखाटनं झाली की रंग भरण्याआधी दोन-चार मुलांना दाखव, मजकूर झाकून. ‘आवडलं का’ विचारू नकोस, ‘काय दिसतंय’ विचार. मग त्यांची उत्तरं आणि रेखाटनं दोन्ही माझ्याकडे पाठव, चंद्राचं पान सगळ्यात आधी.

तुझी,
वृंदा