त्या गोष्टीतली आई कुणाला दिसलीच नाही का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही रविवार तुमच्या पुरवणीत 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कॅन्सर झालेल्या हेझल आणि ऑगस्टस या दोन तरुण मुलांच्या प्रेमाची कादंबरी आणि तिच्यावरच्या सिनेमावर वाचकांची पत्रं येतायत. मी एकूण एक पत्र वाचलंय. कोणी लिहितं रात्रभर रडलो, कोणी लिहितं पुस्तकच भारी सिनेमात ती मजा नाही, आणि एका पालकांनी तर कळकळीने लिहिलंय की असली दुःखी पुस्तकं दहावी-अकरावीच्या मुलांच्या हातात देऊच नयेत, मनावर परिणाम होतो. त्यांची काळजी मला कळते, मीही आई आहे. पण मला हे पटलेलं नाही आणि म्हणून हे पत्र.

इंग्लंडमधल्या एका पेपरनेही २०१३ मध्ये अशा पुस्तकांना 'सिक लिट' म्हणून नावं ठेवली होती, म्हणजे आजारपण दाखवून पोरांना रडवायचं. पण लेखक जॉन ग्रीन हे तरुणपणी मुलांच्या हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन (आजारी माणसांना आणि घरच्यांना धीर देणारा धर्मगुरू) म्हणून काम करत होते, आजारी मुलं आणि त्यांचे आईबाप त्यांनी जवळून बघितलेत, आणि पुस्तक ज्या एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केलंय ती २०१० मध्ये सोळाव्या वर्षी थायरॉइडच्या कॅन्सरने गेली. तिची त्यांची मैत्री होती. हेझल म्हणजे एस्थर नव्हे असं ते स्वतः सांगतात, पण हे सगळं माहीत असताना पुस्तक नुसतं रडवायला लिहिलंय असं मला तरी म्हणवत नाही.

आता मुद्द्यावर येते. सगळी पत्रं हेझल आणि ऑगस्टसच्या प्रेमावर आहेत, अॅमस्टरडॅमवर आहेत, अॅन फ्रँकच्या घरात त्यांनी किस करावं की नाही यावरही दोघा वाचकांनी वाद घातलाय, पण हेझलच्या आईवर एक ओळ नाही. मला तर अख्खी गोष्ट तिचीच वाटते. हेझल चौदा वर्षांची असताना आयसीयूत असते, आता काही खरं नाही अशी वेळ, तेव्हा आई नवऱ्याच्या कुशीत रडत म्हणते की आता मी कुणाची आई उरणार नाही. पोरीला ऐकू जात नाहीये असं तिला वाटतं, पण पोरीने ते ऐकलेलं असतं आणि पुढे सगळी वर्षं तेच वाक्य मनात घेऊन ती जगते. आपण कधीही फुटू शकणारा हातबॉम्ब आहोत, तेव्हा जितकी माणसं लांब राहतील तितकं बरं, हे तिचं म्हणणं तिथूनच आलेलं आहे. ती जी कादंबरी परत परत वाचते तिचा शेवट अर्ध्या वाक्यात तुटतो, आणि त्या लेखकाला शोधत ती पार अॅमस्टरडॅमला जाते तेव्हा तिचा मोठा प्रश्न काय असतो, तर त्या गोष्टीतल्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं. ती खरं तर आपल्याच आईबद्दल विचारतेय ना!

आणि मग शेवटाकडे कळतं की आई गुपचूप सोशल वर्कचा कोर्स करतेय, पुढे अशाच घरांना आधार देता यावा म्हणून. पोरीपासून का लपवलं, तर तिला असं वाटायला नको की आम्ही तुझ्या नंतरची तयारी करतोय. आणि पोरीला वाईट वाटायचं सोडून इतका आनंद होतो! आई माझ्यानंतरही कुणीतरी असणार आहे, एवढंच तिला हवं होतं. सिनेमात आईचं काम लॉरा डर्नने केलंय आणि तो सीन मला पुस्तकाइतकाच आवडला.

हे मी एवढं लिहितेय कारण आमच्या घरात हे झालेलं आहे. माझ्या नणंदेच्या मुलीला पंधराव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, आम्ही सगळ्यांनी ठरवून तिला सांगितलं की रक्त कमी झालंय, मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवू. फाइल पिशवीत तळाशी, डॉक्टरांशी बोलायचं ते बाहेर पॅसेजमध्ये, आणि आत आलं की सगळ्यांचे चेहरे हसरे. आज ती बरी आहे, कॉलेजात आहे. मध्यंतरी तिने हे पुस्तक वाचलं आणि मला म्हणाली, मामी मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, बाजूच्या बेडवरच्या मुलीनेच सांगितलं, पण आईला कळू द्यायचं नव्हतं की मला कळलंय, सलाइनपेक्षा त्याचाच त्रास जास्त व्हायचा. नणंद तिथेच बसलेली होती. ती काही बोलली नाही पण त्या रात्री दोघी उशिरापर्यंत बोलत होत्या एवढं मला माहीत आहे.

सिनेमाबद्दल म्हणाल तर २०१४ चा इंग्रजी सिनेमा चांगलाच आहे, हेझलच्या नाकातली ऑक्सिजनची नळी कुठेही लपवलेली नाही हे मला आवडलं. पण ऑगस्टसचं शेवटचं आजारपण पुस्तकात जास्त खरं आहे. रात्री एकटाच पेट्रोल पंपावर सिगारेट आणायला जातो (पेटवत कधीच नाही, नुसती तोंडात धरतो), पोटातल्या नळीला इन्फेक्शन झालेलं, उलटी अंगावर, आणि मदत नको म्हणून तिच्यावरच ओरडतो. हा प्रसंग सिनेमातही आहे पण पुस्तकातली किळस आणि अपमान पडद्यावर बराच पुसला गेलाय. याच कादंबरीवरचा आपल्याकडचा हिंदी सिनेमा 'दिल बेचारा' मात्र कुणी नीट बघितलाच नाही असं मला वाटतं. त्याचा नायक सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० ला गेला, सिनेमा २४ जुलैला हॉटस्टारवर आला, लॉकडाउनमध्ये घराघरात लोक रडले ते त्याच्यासाठी. ते साहजिकच होतं, मीही रडले, पण त्यात जमशेदपूरची किझी (त्या सिनेमातली हेझल) आणि तिचे आईवडील मागेच राहिले.

म्हणून त्या पालकांना सांगावंसं वाटतं की पुस्तक काढून घेऊ नका, आधी स्वतः वाचा आणि मग मुलीला विचारा तुला काय वाटलं. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. आतापर्यंत छापून आलेली पत्रं आम्हा मोठ्यांचीच आहेत, आई-बाबा, शिक्षक, निवृत्त मंडळी. ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलंय त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं एकही पत्र मला दिसलं नाही. पुढच्या रविवारी फक्त त्यांना जागा द्या, नावं नाही छापली तरी चालतील, शुद्धलेखन तपासत बसू नका.

आपली,
एक वाचक, सातारा